आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांना खेळातून शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंग, मेडिकल, फार्मसी, फिजिओथेरपी शिकवणारी मंडळी खेळांबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पहिला खेळ वर्गात नेण्याआधीचे आहेत, बरेचसे तो फसल्यानंतरचे. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आलेला असेल तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. खेळ, क्विझ, सिम्युलेशन, गेमिफिकेशन हे सगळं एकच आहे का?

नाही, आणि फरक माहीत असला की पुढची बरीच गफलत टळते. शैक्षणिक खेळात नियम असतात, काहीतरी साध्य करायचं असतं, खेळणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. सिम्युलेशनमध्ये खऱ्या परिस्थितीची नक्कल महत्त्वाची असते. तिथे जिंकणं-हरणं असेलच असं नाही. डमीवर सीपीआरचा (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला जगवण्याचा) सराव हे सिम्युलेशन. तोच सराव दोन गटांत, नियम लावून, गुण ठेवून केला की त्याचा खेळ होतो. गेमिफिकेशन म्हणजे अभ्यास आहे तसाच ठेवून त्याला गुण, बॅज, लेव्हल यांची जोड देणं (त्याचे धोके प्रश्न १० मध्ये आहेत). क्विझ हा सगळ्यात साधा खेळ. त्यात ठरवण्यासारखं फार काही नसतं, पण उत्तर आठवून द्यावं लागतं आणि त्याचा फायदा खरा आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनंतर जास्त आठवतं, पण आठवून लिहिण्याचा सराव केलेले आठवड्याभराने त्यांच्या पुढे जातात.

२. जिवाशी संबंध असलेला हा विषय. तो खेळातून शिकवणं शोभतं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा अनुभवी प्राध्यापकांकडून येतो, आणि त्यामागची काळजी मला मान्य आहे. पण खेळ म्हणजे थट्टा नव्हे. खेळात माणूस मन लावून निर्णय घेतो, चुकतो आणि पुन्हा डाव मांडतो. रुग्णाच्या खाटेशी ही मुभा नाही. जिथे चुकल्याने कुणाला इजा होत नाही, अशी एक जागा विद्यार्थ्याला आधी मिळायलाच हवी.

सीपीआर शिकवायला जगभर वापरली जाणारी ‘रिससी अ‍ॅन’ ही डमी १९६० साली आली, ती नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल यांच्याकडून. त्यांचा व्यवसाय खेळणी बनवण्याचा. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या घडवण्याचं त्यांचं कसब भूलतज्ज्ञांच्या गरजेशी जुळलं, आणि त्या बाहुलीवर हात बसवून शिकलेल्या माणसांनी पुढे असंख्य जीव वाचवले. खेळण्यांचं आणि आमच्या पेशाचं नातं तेव्हापासूनचं आहे.

३. खेळाने शिकणं होतं याला काही पुरावा आहे का, की नुसता उत्साह?

पुरावा आहे, पण तो वाजवीपेक्षा फुगवून सांगू नये. २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या शैक्षणिक खेळांचा आढावा अद्ययावत केला, तेव्हा त्यांच्या कसोटीला फक्त २ चाचण्या उतरल्या. एकीत संसर्ग नियंत्रणावर टीव्हीवरच्या क्विझच्या धर्तीचा खेळ होता. खेळलेल्या गटाला चाचणीत जास्त गुण मिळाले. दुसरीत फॅमिली डॉक्टरांना पक्षाघात टाळण्याविषयी सापशिडीच्या पटावर शिकवलं होतं. केसवर चर्चा करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या ज्ञानात ठळक फरक पडला नाही, मजा मात्र त्यांना जास्त आली. खेळ उपयोगी आहेत असंही म्हणता येत नाही आणि नाहीत असंही नाही, इथवर येऊन तो आढावा थांबला.

२०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात ३० चाचण्या आणि ३,६०० हून अधिक सहभागी होते. त्यात खेळ नेहमीच्या पद्धतींइतके तरी चांगले ठरले, काही अभ्यासांत सरस. अभ्यासांचा दर्जा मात्र मर्यादितच होता. म्हणून ‘खेळ चालतो का?’ असं विचारण्यापेक्षा ‘कोणता खेळ, कशासाठी?’ असं विचारलेलं बरं. सापशिडीवाल्या चाचणीतून मी काय घेतलं ते प्रश्न ७ मध्ये सांगितलं आहे.

४. मग लेक्चर बंद करायचं का?

नाही. ज्याला पोटॅशियमचं कामच ठाऊक नाही, तो पोटॅशियमच्या खेळात फक्त अंदाज मारत बसेल. आधी विषयाची तोंडओळख, मग खेळ, मग चर्चा, हा क्रम मला सगळ्यात लागू पडला आहे. क्वचित उलटं करावं: खेळात अडखळू द्यावं आणि मग लेक्चर घ्यावं. अडलेल्या माणसाचे कान जास्त उघडे असतात.

५. कोणते विषय खेळाला जुळतात आणि कोणते नाहीत?

जिथे निवड करावी लागते ते जुळतात: आधी कोणाला तपासायचं, कोणती तपासणी सांगायची, वरिष्ठांना कधी बोलवायचं, कोणतं औषध कोणत्या औषधासोबत द्यायचं नाही. जिथे सरावाने हात आणि जीभ वळते तेही जुळतात, उदाहरणार्थ डोसचा हिशोब, हँडओव्हर (ड्यूटी संपताना रुग्णाची माहिती पुढच्याला देणं), हात धुण्याचे टप्पे. नुसती व्याख्या किंवा लांबलचक वर्गीकरण यासाठी खेळ मांडण्यात श्रम वाया जातात. तिथे साधी प्रश्नपत्रं पुरतात.

वाईट बातमी सांगणं, मृत्यू, आत्महत्येचा धोका ओळखणं या गोष्टी गुण-हार-जीत असलेल्या खेळात घालू नका. वर्गात बसलेल्यांपैकी कुणी ते घरात पाहिलेलं असतं. तिथे स्पर्धेविना भूमिका घेऊन सराव करावा, आणि बाहेर पडायची मोकळीक सुरुवातीलाच सांगावी.

६. मला पहिला खेळ करून पाहायचा आहे. अगदी साधा, उद्याच करता येईल असा सांगा.

मी सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हाच सांगते. ६ कागदी पत्ते, ६ विद्यार्थी, एक टेबल. आधार आहे तो न्यूज-२ या तक्त्याचा. रुग्णाची प्रकृती ढासळतेय का हे वेळीच ओळखण्यासाठी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१७ साली आणला. प्रत्येक मोजमापाला ० ते ३ गुण, आणि बेरीज ७ किंवा त्याहून जास्त झाली की तातडीची मदत बोलवायची.

प्रत्येक पत्त्यावर एकच नोंद लिहा. श्वसनदर मिनिटाला २४. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९३ टक्के. पल्स ११२. वरचं बीपी १०४. ताप ३८.४ अंश सेल्सिअस. सहाव्या पत्त्यावर: रुग्ण सावध आहे, नीट बोलतोय, ऑक्सिजन लावलेला नाही. पत्ते वाटा आणि सांगा की आपला पत्ता कुणाला दाखवायचा नाही. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: तुमच्या पत्त्यावरून आत्ता, या मिनिटाला, डॉक्टरांना बोलवाल का? उत्तर कागदावर लिहून पालथं ठेवायचं.

जवळपास सगळे ‘नाही’ लिहितात. पल्सवाला म्हणतो, थोडा ताप असेल, त्याने वाढली असेल. बीपीवाला म्हणतो, १०४ म्हणजे ठीकच की. सहाव्या पत्त्यावाला तर निर्धास्त असतो. आता पत्ते उघडा आणि तक्ता हातात द्या. श्वसनदराचे २, सॅच्युरेशनचे २, पल्सचे २, बीपीचा १, तापाचा १, शुद्धीचे ०. बेरीज ८.

या क्षणी टेबलाभोवती जी शांतता पसरते, तिच्यासाठी हा खेळ करायचा. एकाच्याही पत्त्याला ३ गुण नव्हते, एकानेही चूक केली नव्हती, आणि तरी रुग्ण हातचा निसटत होता. ‘सगळ्या नोंदी एकत्र पाहा’ हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत आले. ते असं अंगात शिरताना मात्र या टेबलापाशीच पाहिलं.

दुसऱ्या डावात सॅच्युरेशन ९० टक्के ठेवा आणि रुग्णाला जुना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार) आहे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो असं तज्ज्ञांनी नोंदवलं आहे, हे सहाव्या पत्त्यावर लिहा. नेहमीच्या मापाने ९० ला ३ गुण. अशा रुग्णाच्या वेगळ्या मापाने शून्य. कोणतं माप लावायचं हे सहाव्या पत्त्यावाल्याने तोंड उघडल्याशिवाय कळत नाही.

७. मी प्रश्नांची सापशिडी केली. मुलं खूश झाली, पण आठवड्याने कुणाला काही आठवेना. काय चुकलं?

खूप जण हे लिहितात, आणि चूक बहुतेक एकाच ठिकाणी असते. सापशिडीत पुढे कोण जाणार हे फासा ठरवतो. विद्यार्थ्याचं सगळं लक्ष ६ पडतात का याकडे. प्रश्न म्हणजे वाटेतला टोलनाका. खेळातली चाल एकीकडे आणि शिकवायची गोष्ट दुसरीकडे असेल, तर लक्षात चाल राहते.

मी खेळ बनवताना स्वतःला एकच विचारते: खेळणारा हाताने जे करतोय, तेच त्याने उद्या वॉर्डात करावं असं मला वाटतं का? प्रश्न ६ मधल्या खेळात हाताने काय केलं जातं? नोंदी एकत्र आणल्या जातात, आणि वॉर्डातही तेच करायचं आहे. सापशिडीत काय केलं जातं? फासा टाकला जातो.

सापशिडीचा पट टाकूनच द्यायला हवा असं नाही. फासा काढून टाका. पुढे किती घरं जायचं ते विद्यार्थ्यालाच ठरवू द्या: उत्तराची खात्री असेल तर ५, नसेल तर १, चुकलं तर तेवढीच घरं मागे. आता तो स्वतःच्या खात्रीचा अंदाज घ्यायला शिकतो. ‘मला नक्की माहीत नाही’ हे ओळखणं आमच्या पेशात औषधाच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे.

८. खेळ संपल्यावर चर्चा घ्यायलाच हवी का? तास ५० मिनिटांचाच असतो.

हवीच. वेळ कमी असेल तर खेळ छोटा करा, चर्चा कापू नका. खेळ जितका वेळ चालला, निदान तितका वेळ चर्चेला ठेवायचा, हा माझा नियम आहे. २० मिनिटांचा खेळ, २० मिनिटांची चर्चा, उरलेल्या वेळात नियम समजावणं आणि आवरणं.

‘काय शिकलात?’ असं विचारलं की ‘टीमवर्क’ असं पढवलेलं उत्तर येतं. त्याऐवजी खेळातल्या एका ठराविक क्षणावर बोट ठेवा. ‘पल्स ११२ दिसल्यावर तुझ्या मनात पहिलं काय आलं?’ ‘तुझ्याकडे माहिती होती, मग तू बोलली का नाहीस?’ ‘हेच रात्री ३ वाजता झालं असतं तर?’ आधी काय झालं ते, मग तसं का झालं, आणि शेवटी उद्या ड्यूटीवर काय वेगळं करणार. आपण कमी बोलायचं. मला स्वतःला हे जमायला फार वेळ लागला. प्रश्न विचारून ५ सेकंद गप्प राहणं शिक्षकाला जड जातं.

९. माझ्या बॅचमध्ये १२० जण आहेत. एवढ्यांचा खेळ कसा घ्यायचा?

४ ते ६ जणांचे गट आणि सगळ्या गटांना एकाच वेळी तोच खेळ. गट ६ हून मोठा झाला की दोन जण खेळतात आणि बाकीचे बघतात. नियम एका कागदावर मावत नसतील तर मोठ्या वर्गासाठी तो खेळ बाद. दर ५ गटांमागे एक मदतनीस हवा. वरच्या वर्षाचे विद्यार्थी हे काम फार छान करतात, आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर एकदा खेळून घ्या. चर्चा मात्र सगळ्यांची एकत्र घ्यावी, कारण एकाच केसवर वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे निर्णय घेतलेले असतात आणि खरी मजा त्या तुलनेत आहे.

१०. गुण, बॅज, लीडरबोर्ड लावावेत का?

जपून. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा लहान मुलांवरचा प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळात आवड होती, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल’ असं आधी सांगितलं. बक्षीस मिळालंही. पण पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आवडीचं काम बक्षिसासाठी करायची सवय लागली, की बक्षीस संपल्यावर कामही सुटतं.

लीडरबोर्डचा त्रास आणखी वेगळा. वरच्या पाचांना तो आवडतो. तळाच्या दहांना, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण खेळ आणला त्यांनाच, तो दर तासाला सांगतो की तुम्ही मागे आहात. काहूटसारखं क्विझ घेणारं अ‍ॅप वापरत असाल तर खरी नावं न घालता टोपणनावं किंवा गटांची नावं घाला. गुण ठेवायचेच तर आपल्याच मागच्या वेळेशी तुलना होऊ द्या.

११. घड्याळ लावल्यावर खेळाला रंग चढतो. वेळेची स्पर्धा ठेवू का?

कशासाठी ठेवताय त्यावर आहे. मोठ्या माणसाला सीपीआर देताना दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल द्यायचे असतात. इथे गती हा कौशल्याचाच भाग आहे, म्हणून घड्याळ हवं. पण गुण ‘सगळ्यात वेगवान’ला नव्हेत, ‘मर्यादेत राहिला’ त्याला.

हात स्वच्छ करण्याच्या खेळात मी सुरुवातीला ‘जो आधी संपवेल तो जिंकला’ असं ठेवलं होतं. मुलं ८ सेकंदांत मोकळी. जागतिक आरोग्य संघटना हँडरबला (हाताला चोळायच्या सॅनिटायझरला) २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद सांगते. मीच त्यांना घाई शिकवत होते. आता हाताला अतिनील प्रकाशात चमकणारं द्रव्य लावतो आणि धुतल्यावर अंगठ्याशी, नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात काय चमकतंय ते पाहतो. कमी डाग राहिलेला गट जिंकतो.

औषधाच्या मात्रेला तर घड्याळ लावूच नका. ‘१० युनिट’ लिहिताना युनिटसाठी नुसतं रोमन लिपीतलं ‘यू’ अक्षर लिहिलं की घाईत ते शून्य वाचलं जातं आणि १० चे १०० होतात. १ च्या पुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहिलं की १ चे १० होतात. अशा ठिकाणी मी उलट नियम ठेवते: शंका काढून दुसऱ्याकडून तपासून घेणाऱ्या गटाला जास्तीचा गुण.

१२. महागडं अ‍ॅप घ्यावं की कागदी पत्ते पुरतात?

पहिल्या वर्षी कागदच घ्या. पत्ता चुकला तर पेनाने दुरुस्त होतो. अ‍ॅपचा फायदा दोन ठिकाणी नक्की आहे: विद्यार्थ्याला एकट्याने पुन्हा पुन्हा सराव हवा असेल तिथे, आणि वेळेनुसार रुग्णाची स्थिती बदलत जायला हवी तिथे. घेण्याआधी स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहा, आणि विद्यार्थ्यांची माहिती कुठे साठते ते विचारा.

१३. काही विद्यार्थी खेळायलाच तयार नसतात. त्यांचं काय?

आधी कारण शोधा. कुणाला हे पोरकट वाटतं. त्याला खेळाचा हेतू दोन वाक्यांत सांगितला की तो बसतो. कुणाला सगळ्यांसमोर बोलायची धास्ती असते. त्याला नोंद ठेवणाऱ्याची किंवा तक्ता तपासणाऱ्याची भूमिका द्या, पण प्रेक्षक करू नका. कुणाला रंग ओळखायला त्रास होतो आणि तो ते सांगत नाही; म्हणून लाल-हिरव्या पत्त्यांवर अक्षर किंवा चिन्हही छापा. आणि कुणाला खरंच आदल्या वेळी सगळे हसलेले असतात. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१४. खेळात चूक झाल्यावर वर्ग हसतो आणि तो विद्यार्थी गप्प होतो. कसं सांभाळायचं?

हे सांभाळता आलं नाही तर खेळ घेऊ नये, इतकं ते महत्त्वाचं आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा औषधांच्या चुकांबाबत अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती; तिथे नोंदलेल्या चुका उलट जास्त निघाल्या. त्या गटांत चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती कागदावर येत होती. आज वर्गात चुकल्यावर जो गप्प होतो, तो उद्या वॉर्डात चुकीचं इंजेक्शन दिल्यावरही गप्प बसेल.

उपाय साधे आहेत. खेळाआधी स्पष्ट सांगा की इथली चूक इथेच राहील. पहिली चूक शिक्षकाने करावी आणि ती मोठ्याने मान्य करावी. चर्चेत ‘तू चुकलास’ न म्हणता ‘तुला तसं का वाटलं?’ असं विचारा; बऱ्याचदा त्याचं तर्कशास्त्र बरोबर असतं आणि एक माहिती कमी पडलेली असते. कुणी हसलंच तर खेळ तिथेच थांबवा.

१५. एस्केप रूम (कोडी सोडवून, कुलपं उघडत खोलीतून बाहेर पडायचा खेळ) सध्या सगळीकडे चालू आहे. करावी का?

केली तर कुलूप कशाने उघडतं ते पाहा. शब्दकोडं सुटल्यावर उघडत असेल तर ती फक्त करमणूक. इन्सुलिनच्या ड्रिपचा दर बरोबर काढल्यावर मिळणारा आकडाच कुलपाचा क्रमांक असेल तर ते शिकणं. तयारीला फार वेळ जातो आणि एका वेळी एकच गट आत जातो, हे गृहीत धरा. मुद्दा प्रश्न ७ मधलाच आहे.

१६. खेळातले गुण इंटर्नल मार्कांत धरायचे का?

नको. मार्क जोडले की चुकायची मोकळीक गेली, आणि तिच्यासाठीच तर खेळ मांडला होता. कॉलेजचा आग्रह असेल तर चर्चेनंतर लिहिलेल्या अर्ध्या पानाला मार्क द्या: कोणता निर्णय चुकला, का चुकला, पुढच्या वेळी काय करीन.

१७. व्हिडिओ गेम खेळणारे चांगले सर्जन होतात असं वाचलं. खरं का?

हे ज्या अभ्यासावरून म्हणतात तो २००७ सालचा, ३३ जणांचा आहे. पूर्वी आठवड्याला ३ तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के वेगाने उरकलं. पण हा नुसता संबंध आहे. खेळाने हात तयार झाला, की मुळात हात चांगला असलेले खेळाकडे वळले, हे त्यातून कळत नाही. शिवाय ती सरावाची कामं होती, रुग्णांवरच्या शस्त्रक्रिया नव्हेत.

१८. नर्सिंग, फार्मसी, मेडिकल अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी एकाच खेळात बसवावेत का?

जमेल तेव्हा जरूर. पुढे एकत्र काम करणारी ही मुलं पदवीपर्यंत एकमेकांशी बोललेली नसतात. यासाठी स्पर्धेपेक्षा सगळ्यांनी मिळून जिंकायचा किंवा हरायचा खेळ बरा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेला ‘ग्रिडलॉक्ड’ हा पटावरचा खेळ असाच आहे: सगळे मिळून गर्दीने भरलेला आपत्कालीन विभाग चालवतात आणि एकाने हट्टाने आपलाच रुग्ण पुढे रेटला की सगळ्यांचा विभाग तुंबतो.

अडचण एकच येते, मेडिकलचा विद्यार्थी आपोआप पुढारी होतो. म्हणून एका डावात भूमिका बदला. शस्त्रक्रिया सुरक्षेची जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची यादी घ्या आणि ‘थांबा’ म्हणायचा अधिकार फक्त नर्सच्या पत्त्याला द्या. मग तो पत्ता मेडिकलच्या मुलाच्या हातात आणि सर्जनचा पत्ता नर्सिंगच्या मुलीच्या हातात जाऊ द्या.

१९. खऱ्या रुग्णाची केस खेळात वापरू का?

वापरली तर ओळखू येणार नाही इतकी बदला. नाव काढणं पुरत नाही. वय, व्यवसाय, गाव, तारीख आणि दुर्मीळ आजार मिळून माणूस ओळखू येतो. दोन-तीन केसेस एकत्र करून एक नवीन रुग्ण घडवणं सगळ्यात चांगलं. आणि पत्त्यावर रुग्णाचं हसू होईल असं काही लिहू नका, विनोदासाठीही नाही. ती भाषा पुढे वॉर्डात जाते.

२०. एकदा बनवलेला खेळ किती वर्षं चालतो?

मार्गदर्शक सूचना बदलेपर्यंत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सीपीआरसाठीच्या २०१० च्या सूचनांत दाबांची गती ‘किमान १००’ आणि खोली ‘किमान ५ सेंटिमीटर’ होती. २०१५ मध्ये दोन्हींना वरची मर्यादा आली. जुन्या पत्त्यांच्या जोडात मिनिटाला १४० दाब देणारा अजूनही जिंकेल. प्रत्येक जोडाच्या पाकिटावर आधार कोणता आणि शेवटचं तपासलं कधी हे लिहा, आणि सत्राच्या सुरुवातीला तपासा. खेळातून शिकलेली चुकीची गोष्टही तितकीच घट्ट बसते.

२१. खेळाचा परिणाम मोजायचा कसा? फीडबॅकमध्ये सगळे ‘छान’ लिहितात.

‘छान’ ही पहिली पायरी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या ४ पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि शेवटी परिणाम दिसला का. आपण बहुतेक पहिलीवरच थांबतो. दुसरीसाठी खेळाआधी ५ प्रश्न, लगेच नंतर तेच ५, आणि महिन्याने पुन्हा, न सांगता. महिन्यानंतरचा आकडा तेवढा गांभीर्याने घ्या. तिसरीसाठी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. ‘या बॅचची मुलं श्वसनदर खरोखर मोजतात की अंदाजे लिहितात?’ याचं उत्तर त्यांना नेमकं ठाऊक असतं.

२२. विद्यार्थी खेळात पटाईत झाले, पण वॉर्डात तीच चूक करतात. आता?

ही सगळ्यात अवघड तक्रार, आणि तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कधी विद्यार्थी खेळच जिंकायला शिकलेला असतो: तिसऱ्या पत्त्यावर नेहमी बिघाड असतो, लांब पर्याय बरोबर असतो, वगैरे. त्याला उपाय म्हणजे केसेस बदलत राहणं, आणि दर काही डावांनी एक असा रुग्ण घालणं ज्याला काहीच झालेलं नाही. धोक्याची घंटा कधी वाजवायची नाही, हेही शिकावं लागतं.

दुसरी गोष्ट वॉर्डाची असते. तिथे तक्ता हाताशी नसतो, फोन वाजत असतो, नातेवाईक प्रश्न विचारत असतात, आणि रात्री वरिष्ठांना उठवलं तर ओरडा बसेल ही भीती असते. खेळात यातलं काहीच नव्हतं. मग ते थोडं थोडं आत आणा. प्रश्न ६ मधलाच खेळ घ्या, पण पत्ते एकदम न वाटता १० मिनिटांत एकेक द्या, मध्येच एकाला ‘नातेवाईक’ म्हणून उठवा, आणि शेवटी एकाला खरोखर फोन कानाला लावून वरिष्ठांना परिस्थिती सांगायला लावा. पलीकडे तुम्ही, झोपमोड झालेले, जरा चिडलेले. पहिल्यांदा बहुतेक जण ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ एवढंच म्हणतात आणि अडकतात. त्यांना फोन ठेवू द्या, मिनिटभर विचार करू द्या आणि पुन्हा लावायला सांगा. तिसऱ्या फोनला बहुतेक जण पहिल्याच वाक्यात ‘न्यूज ८’ म्हणतात.